तलासरीची स्पॅनिश कवायत

ही हकीगत सांगायचं मी टाळलं, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मी ती निदान पन्नास वेळा सांगितली आहे: शिक्षकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभात. लोक पोट धरून हसले. मी टाळलं ते एवढंच, त्या हकिगतीत मी कुठे होतो ते सांगणं. माझ्या तोंडच्या हकिगतीत मी नेहमी व्हरांड्याच्या टोकाला उभा राहून सगळं पाहणारा एक तरुण शिक्षक असे. प्रत्यक्षात मी व्हरांड्यात नव्हतोच. आता ऐंशी उलटली, हसणारे बहुतेक गेले, आणि ज्यांच्यावर हसलो ते तर केव्हाच गेले. म्हणून एकदा जसं घडलं तसं लिहून काढतो.

साठ साली मला पहिली नोकरी लागली ती तलासरीपासून दोन मैलांवरच्या एका पाड्यावरच्या शाळेत. शाळा दोन शिक्षकांची. एक मी, बावीस वर्षांचा, वाणगावचा. दुसरे गुरुजी. त्यांचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास, घर डहाणूला समुद्राच्या बाजूला, घरची चिकूची वाडी. शाळेमागे एक कौलारू खोली होती, तीत आम्ही दोघं राहायचो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी चुलीवर भात चढवला, पाण्याला आधण आलं, आणि मला म्हणाले, "मी जरा ओढ्यावर जाऊन येतो. शंभर विविरे झाले की उतरव."

"शंभर काय?"

"हां, तुला ठाऊक नाही." ते परत आत आले, मांडी घालून बसले आणि पाढा म्हणावा तसं म्हणाले, "विविरे, विविरास, विविरा, विविरेमोस, विविरेइस, विविरान. हे एक झालं. असे शंभर. चहाला वीस पुरतात. घाई करू नकोस, भात कच्चा राहतो."

मी विचारलं, हा कुठला मंत्र.

"मंत्र कसला? स्पॅनिश आहे. मी जगेन, तू जगशील, तो जगेल. क्रियापद आहे, भविष्यकाळ."

मग ते ओढ्यावर गेले आणि मी चुलीपुढे बसून शंभर वेळा जगलो. भात उत्तम झाला, हे मान्य करायला हवं.

गुरुजींच्या डोक्यावर काळी टोपी असायची आणि टोपीत पेन्सिलीचा तुकडा. कोणाला नमस्कार करताना टोपी काढली की पेन्सिल खाली पडायची, ती समोरचा माणूस उचलून द्यायचा, आणि त्यामुळे त्यांची ओळख नेहमी समोरच्या माणसाच्या वाकण्याने सुरू व्हायची. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. चिकू ते सालीसकट खात. गाडीत, रस्त्यात, कोणाच्या घरी पाटावर बसलेले असताना त्यांच्यापुढे चिकू आला की आधी नखाने ओरखडा काढून पाहायचे. ओरखड्याखाली हिरवं दिसलं तर यजमानाला म्हणायचे, "हा अजून तुमच्या घरी यायला तयार नव्हता."

दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते डहाणूला जात. वडिलांनी लावलेल्या वाडीतली अकरा झाडं त्यांच्या वाट्याची होती. रविवारभर ते ती झाडं बघत. फळ उतरवायला, माल भरायला, पाटाचं पाणी सोडायला त्यांचे धाकटे भाऊ होते. गुरुजी फक्त बघत आणि सुतळीने बुंध्याचा घेर मोजत. प्रत्येक झाडाची सुतळी वेगळी, दर वर्षी घेर जिथे येईल तिथे एक गाठ. अकरा सुतळ्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असायच्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा बिल्ला आणि त्यावर आकडा.

स्पॅनिशचं मूळ या अकरा झाडांत होतं. कधीतरी शेतीखात्याच्या कोणा माणसाने डहाणूला भाषण दिलं आणि जाता जाता सांगितलं, की चिकू आपला नव्हे, तो मेक्सिकोकडून आलेला आहे. वाडीवाले हसून घरी गेले. गुरुजी मात्र आपलं दत्तकविधान आत्ताच कळल्यासारखे गप्प झाले. हे त्यांच्या भावाने मला सांगितलं. मग त्यांनी हिशेब मांडला. आपल्याकडे चिकू येऊन अशी किती वर्षं झाली? डहाणूतलं जुन्यात जुनं झाड जेमतेम त्यांच्या वयाचं. म्हातारपणाने मेलेलं चिकूचं झाड अख्ख्या किनाऱ्यावर कोणी पाहिलेलं नव्हतं.

"आंबा किती वर्षं जगतो ते आजोबा सांगतात," ते मला म्हणाले. "चिकूचं सांगणारा आजोबा आपल्याकडे नाही. तो तिकडे आहे. त्याला विचारायला पाहिजे."

"इंग्रजीत विचारा."

"आजोबाला इंग्रजी येतं का? तुझ्या आजोबाला येत होतं?"

घाईही होती. भावाचं म्हणणं, त्या अकरा झाडांचं फळ बारीक पडायला लागलंय, ती तोडून नवी कलमं लावू. गुरुजींनी त्याच्याकडून मुदत घेतली होती, तिकडून उत्तर येईपर्यंत. म्हणून मुंबईच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी मुखपृष्ठ गेलेलं स्पॅनिश शिकण्याचं पुस्तक आणलं आणि थेट भविष्यकाळाचं प्रकरण उघडलं. आधीची प्रकरणं त्यांनी वाचलीच नाहीत. झालं-गेलं त्यांना विचारायचं नव्हतं. किती जगेल, किती वर्षं फळ देईल, एवढंच विचारायचं होतं.

मराठीतल्या भविष्यकाळावर त्यांचा मुळी विश्वास नव्हता. "करीन म्हटलं की आपला माणूस मोकळा होतो," असं ते म्हणत. ते स्वतः मराठीत 'करीन' म्हणत नसत. करायचं असलं तर उठून करत, नसलं तर गप्प बसत. वर्गात एखादा पोरगा "उद्या पाटी आणीन गुरजी" म्हणाला की ते त्याच्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने बघत, की तो त्याच दिवशी घरी पळत जाऊन पाटी आणायचा.

मुलं शुद्धलेखन करत असली की ते ओळींमधून फेऱ्या मारत आणि पुटपुटत. फेरीला सहा पावलं, पावलाला एक रूप. तलासरीच्या बाजारातही तसंच. तिथला किराणावाला गुजराती, तो त्यांना लांबून बघितलं की पुडी बांधता बांधता म्हणायचा, "आवो गुरुजी, विविरे आवो. मेक्सिकोनी टपाल आली के?"

"पत्र गेलंच नाही तर टपाल कुठून येणार?"

"तो मोकलो ने, पाठवून टाका. इथं बसून विविरे विविरे केल्याने मेक्सिकोवाल्याला ऐकू जाणार आहे काय?"

पत्र खरंच लिहून तयार होतं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. त्यांचं अक्षर खेकडा शाईत बुडवून सोडल्यासारखं होतं आणि माझं वळणदार, म्हणून पक्की प्रत मी काढली. दोन महिने मी त्यांच्याकडे ही भाषा शिकलो होतो, करमणूक म्हणून. दुसरी करमणूक त्या पाड्यावर नव्हती. शेतीच्या मासिकातून त्यांनी तिकडच्या एका फळबागेचा पत्ता मिळवला होता. पण पत्र जात नव्हतं, कारण दर रविवारी झाडांत त्यांना एखादी नवी शंका दिसे आणि सोमवारी मला ते पत्र पुन्हा लिहावं लागे.

आता कवायतीकडे येतो.

शाळेत कवायत सक्तीची होती आणि ती माझ्याकडे होती. पोरं जंगलात दिवसभर धावणारी; 'एक दोन तीन चार'वर हात वरखाली करण्यात त्यांना काय गंमत वाटणार? कोणी दोनला थांबे, कोणी सहाला पोचलेला असे. एका कंटाळवाण्या दुपारी मी गुरुजींची टिंगल म्हणून म्हटलं, "चला, विविरेवर करू." आणि काय सांगू, चाळीस पोरं एका यंत्रासारखी हलली. विविरे, हात पुढे. विविरास, वर. विविरा, बाजूला. शब्द त्यांना पाठच होते, गुरुजींच्या फेऱ्यांनी. वर ते शब्द मोठ्याने ओरडायची परवानगी मिळाली. हसत हसत, पण एका तालात.

आवाज ऐकून गुरुजी खोलीतून बाहेर आले. हात पिठाचे होते. मला वाटलं, आता रागावतील. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटच्या अक्षरावर जोर द्यायला सांग. विवि-रे." मग आत गेले.

त्यानंतर रोज तशीच कवायत. गुरुजींना ती टिंगल आहे हे कळलं होतं का, मला ठाऊक नाही. मला वाटतं कळलं होतं, आणि उच्चार सुधारत होते म्हणून त्यांची हरकत नव्हती.

एकसष्ट सालचे पावसाळ्यानंतरचे दिवस. दमण अजून पोर्तुगीजांकडे होतं, आमच्यापासून दिवसभरात पायी पोचण्याइतकं. हमरस्त्याने लष्कराच्या गाड्या जायला लागल्या होत्या. दारूबंदीमुळे तिकडून चोरून दारू येई, ती पकडायला इकडे पहारे होतेच, आता हेरांचीही भर पडली. अच्छाडच्या बाजूला एका फेरीवाल्याला त्याच्या पेटीत रंगीत काचा सापडल्या म्हणून दोन दिवस बसवून ठेवलं होतं. अशा दिवसांत एका दुपारी शाळातपासणीचे डेप्युटीसाहेब, न कळवता, जीपमधून आमच्या पाड्यावर उतरले. सोबत एक फौजदार होता. त्याला पुढे कुठे जायचं होतं, म्हणून एकाच गाडीत आले होते.

मैदानात चाळीस मुलं ओळीत उभी राहून परकीय भाषेत गर्जना करत होती.

मी तिथे नव्हतो. वर्गातल्या मोठ्या मुलीला कवायत घ्यायला सांगून मी हमरस्त्यावरच्या धाब्यावर चहा प्यायला गेलो होतो. हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. व्हरांड्यात उभे होते ते गुरुजी.

पुढचं संभाषण मला पाड्यातल्या पाटलाने सांगितलं. माझ्या विनोदी हकिगतीत मी ते नेहमी उत्तम वठवत असे.

"ही कोणती भाषा?" डेप्युटीसाहेब.

गुरुजींनी नमस्काराला टोपी काढली, पेन्सिल पडली, ती फौजदाराने उचलली. "स्पॅनिश, साहेब."

"पोर्तुगीज नव्हे?"

"नव्हे. शेजारची."

"शेजारची म्हणजे दमणची?" फौजदार.

"त्यांच्या शेजारची. युरोपातली."

"अर्थ काय याचा?"

"मी जगेन, तू जगशील, तो जगेल, आम्ही जगू…"

"कोण जगेल?"

"चिकूचं झाड."

फौजदाराने डेप्युटीसाहेबांकडे पाहिलं. डेप्युटीसाहेबांनी विचारलं, "मुलांना कवायतीत हे कोणी शिकवलं?"

"शब्द माझेच आहेत," गुरुजी म्हणाले.

मी चहा पिऊन परतलो तेव्हा जीप अजून उभी होती आणि खोलीची झडती चालू होती. फौजदाराच्या हातात अकरा सुतळ्या होत्या.

"हे अकरा कोण?"

"झाडं."

"झाडांच्या कमरेचं माप कशाला घेता?"

इतका वेडगळ प्रश्न गुरुजींना पूर्वी कोणी विचारला नसावा. त्यांनी दारात मला पाहिलं आणि सहज म्हणाले, "उशीर केलास. कवायत झाली." त्याच वेळी फौजदाराने गादीखालून पत्र काढलं, माझ्या वळणदार अक्षरातलं, परदेशाचा पत्ता लिहिलेलं, आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मीच," गुरुजी म्हणाले.

रोमन अक्षरं. ती कोणाची, हे कोण ओळखणार होतं? मी दारातून बाजूला होऊन वाट करून दिली. पुस्तक, पत्र, सुतळ्या, सगळं जीपमधून गेलं. गुरुजींनी मागाहून एवढंच विचारलं की सुतळ्या परत देताना गाठी सोडू नका म्हणून सांगितलंस का. संध्याकाळी त्यांनी भात लावला. मी पाहत होतो. मोजताना ते एकदाही चुकले नाहीत.

आठ दिवसांनी चौकशीसाठी मला एकट्याला विश्रामगृहावर बोलावलं. गुरुजींना तोवर तात्पुरतं कामावरून दूर केलं होतं आणि ते डहाणूला गेले होते. मार्चमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती. डेप्युटीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला चहा दिला आणि स्वतः म्हणाले, "हे बघा मास्तर, म्हातारा विक्षिप्त आहे, हेर नाही, एवढं मलाही कळतं. पण कागद वर गेलाय. ती भाषा पोर्तुगीज नाही असं सांगणारा कोणीतरी लागेल. तुम्ही त्यांच्याबरोबर राहता. तुम्हाला ती भाषा येते का?"

म्हणजे दार उघडं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कशी येते. मग पत्र. मग कवायत कोणाच्या वेळेची आणि तुम्ही कुठे होता. हे सगळं मला त्या चहाच्या एका घोटात दिसलं. मी एरवी इतका हुशार कधीच नव्हतो.

मी लिहून दिलेला जबाब मला पाठ आहे. 'गुरुजी एका परकीय भाषेत पुटपुटत असतात. ती कोणती हे मला सांगता येणार नाही. कवायतीचे शब्द मुले त्यांच्याकडूनच शिकली.' शेवटचं वाक्य तर शब्दशः खरं आहे. ते लिहिताना मला बरंही वाटलं होतं, की निदान एक तरी वाक्य खरं लिहिलं.

डिसेंबरात दमण घेतलं गेलं. आमच्या शाळेत पेढे वाटले, मीच वाटले. आता पोर्तुगीज हेराचा कोणाला उपयोग उरला नव्हता, पण कागद वर गेलेला होता आणि वर गेलेले कागद आपलं काम पुरं करूनच खाली येतात. गुरुजींना राजीनामा देण्याची सवलत मिळाली. पुढच्या वर्षी त्यांना पेन्शन लागायची होती. मी मार्चमध्ये कायम झालो आणि कवायत पुन्हा 'एक दोन तीन चार'वर आणली. पोरं पुन्हा वाटेल तिथे थांबू लागली. नवा गुरुजी आला, त्याने घड्याळ आणलं होतं.

आणि मी ती हकीगत सांगायला लागलो. पहिल्यांदा सांगितली ती कासाला एका शिबिरात. वीस शिक्षक जमिनीवर लोळून हसले. त्यानंतर लोक मला बोलावून सांगायला लावत. खरं सांगायचं तर माझी माणसांत उठबस, माझी लोकप्रियता, पुढे मुख्याध्यापक म्हणून माझी निवड, यांत त्या हकिगतीचा वाटा मोठा आहे.

माझ्या बाजूने मी कधीकधी असंही म्हणून पाहतो, की गुरुजींनी स्वतःच सगळं ओढवून घेतलं. शब्द माझे, पत्र माझं, असं त्यांना कोणी म्हणायला लावलं होतं? मला वाचवण्यापेक्षा आपली स्पॅनिश दुसऱ्या कोणाच्या नावावर जाऊ नये, हीच काळजी त्यांना जास्त असेल. असेलही. पण त्यामुळे माझा जबाब बदलत नाही.

पाच वर्षांनी मी डहाणूला गेलो. मुद्दाम गेलो. तलासरीहून निघाल्यापासून मनात वाक्य घोळवत होतो. कासाला गाडी बदलली तेव्हा ते लांबलचक होतं, त्यात माझं वय होतं, नोकरी होती, घरची परिस्थिती होती. डहाणूला उतरेपर्यंत त्यातलं एकेक काढून टाकलं आणि अगदी छोटं केलं.

वाडीत गुरुजी खाली बसून बांबूच्या करंड्यांत पेंढा घालत होते. भावाची सून फळं पुसून देत होती. मला बघताच त्यांनी टोपीला हात लावला.

"ये. बस. झाडं बघायची असतील तर पाचच राहिलीत. उत्तर आलं नाही ना, भाऊ तरी किती थांबणार." यात गाऱ्हाणं नव्हतं. वर्गात हजेरी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मग सुनेकडे वळून म्हणाले, "अगं, चहा ठेव. हा आमच्या शाळेतला. मी सांगितलं नव्हतं का तुला? त्या वेळी सगळ्या तालुक्यात माझ्या बाजूने बोललेला हा एकटा."

ती माझ्याकडे बघून आदराने हसली.

"काका, मला तुमच्याशी…" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काका म्हटलं. का ते मला माहीत नाही.

"त्यांनी मला जबाब दाखवले नाहीत," गुरुजी म्हणाले. "पण मला माहीत होतं. तू लिहिलं असशील, ही स्पॅनिश आहे म्हणून. तुला येत होती, तुझे उच्चार माझ्याहून चांगले होते. त्यांनी मानलं नाही, त्याला तू काय करणार? लिहिलं होतंस ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात तिरकसपणा शोधला. असता तर मी तिथल्या तिथे सुटलो असतो. ते हातातल्या चिकूला नखाने ओरखडा काढत होते आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हणालो. "लिहिलं होतं."

"बघ," ते सुनेला म्हणाले.

चहा झाला. त्यांनी मला एक करंडी बांधून दिली, मी ती घेतली आणि बसमध्ये मांडीवर धरून घरी आणली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला ते महिन्याभराने एका कंडक्टरकडून कळलं.

डहाणूला नेलेलं आणि तसंच परत आणलेलं वाक्य हे: गुरुजी, कवायत माझी होती, मी त्या दुपारी चहा प्यायला गेलो होतो, आणि ती भाषा मला येत नाही असं लिहून देणारा मीच, मला माफ करा.